जपानी धानाच्या डब्यातले बारा पंच

मायचा राग तोंडातून कधी निघत नसे, तो ढेकीतून निघायचा. पायानं दाबून धान कांडायचं ते लांब लाकडी धूड आमच्या पडवीत होतं. माय खुशीत असली की ढेकी कशी सावकाश चालायची, मधे श्वास घ्यायला जागा ठेवून. राग आला की तिचा असा काही धडाका लागायचा की गोठ्यातल्या बकऱ्या उभ्या राहत, आणि त्या दिवशी ताटात तांदूळ कमी, कण्या जास्त. ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे, त्या आठवड्यात आम्ही निव्वळ कण्या खाल्ल्या. लाखोरीचं वरण, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, सुके झिंगे, सगळं ती वेळेवर रांधायची, बाबांचं ताट नीट वाढायची, पण वाढताना बोलायची माझ्याशी. "शांते, तुझ्या बाबाले विचार, वरण पाह्यजे का." बाबा हातभर अंतरावर बसलेले. मी वळून विचारायची, "बाबा, वरण पाहिजे का?" बाबा म्हणायचे, "हो." मी मायला सांगायची, "हो म्हणतात." माझ्या आयुष्यातली पहिली दुभाषाची नोकरी ती. बिनपगारी.

दसरथमामा त्या दिवसांत आमच्यात जेवत नसे. मायचा हा धाकटा भाऊ लहानपणापासून आमच्याच घरी वाढलेला. बकऱ्या चारणं, तळ्यात मासोळ्या धरणं, दंडारीच्या नाचगाण्यात बाईचं सोंग घेणं आणि झोपणं, या चार कामांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याचं लग्न ठरलं होतं. पोरीकडच्यांनी त्याला हळदीसारखा पिवळाजर्द दुपट्टा दिला होता, आणि मामा तो आंघोळीला जातानाही डोक्याला बांधून जायचा. आता तोच मामा आपलं ताट घेऊन गोठ्यात बसायचा, कारण सगळ्या गावानं त्याला चोर ठरवला होता, आणि ठरवायला मदत केली होती माझ्या बाबांनी.

झालं असं. आमचं गाव तळ्याच्या जिवावर जगणारं. गडचिरोलीकडच्या त्या झाडीत नदी जवळ असून उपयोग नसतो, धान तळ्याच्या पाण्यावर पिकतं. तळ्याच्या बांधाच्या, म्हणजे पाळीच्या, पोटातून पाणी सोडायचं जे दार असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्याला लाकडाचं बूच. ते केव्हा काढायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, पाणी आधी जायचं, हे सगळं गावानं मिळून ठरवायचं. त्या वर्षी पाऊस लवकर पळाला, हत्तीचं नक्षत्र कोरडं गेलं, आणि धान नेमकं गरभात, पोटरीत आलेलं. जे पाणी होतं ते तळ्यात. अन् एका सकाळी बघतात तर तळं गुडघ्याला आलेलं, तुडुमाचं बूच बाजूला पडलेलं आणि रातभर वाहून पाणी नाल्यानं नदीला मिळालेलं. लोक पाळीवर उभे होते. मेलेल्या माणसाच्या घरी बसतात तसे सगळे. शेवटी तुकारामभाऊ, ज्यांच्या बांध्या सगळ्यांत खालच्या अंगाला, ते म्हणाले, "कोणी केलं हे?"

तेव्हा बाबा म्हणाले, "काल दिवेलागणीला मी शाळेच्या ओसरीवरून पाहिलं. दसरथ तुडुमापाशी वाकला होता."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर चार लोकांनी उलट विचारलं असतं. पण बाबा म्हणजे गुरुजी. एकदा शाळेत यायला उशीर झाला तर त्यांनी हजेरीत स्वतःचीच गैरहजेरी मांडली होती. असा माणूस स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याविरुद्ध बोलतो म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? कारणही लोकांना लगेच सापडलं. पाणी उतरलं की मासोळ्या हातानं धरता येतात, आणि मासोळ्या म्हटलं की दसरथ. मामा म्हणाला, "मी तर मोहाच्या झाडाखाली झोपून होतो." कोणी पाहिलं? तीन बकऱ्यांनी. लोक हसलेसुद्धा नाहीत. पाटलांनी सांगितलं की रविवारी पंच बसतील. काय ठरणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. मामानं गाव सोडायचं. पोरीकडच्यांनी तर त्याआधीच निरोप धाडला होता की निकाल लागेपर्यंत लग्नाचं बोलू नका. माय बाबांना एवढंच म्हणाली, "तो गेला तर मीही त्याच्यासंगं जाईन," आणि ढेकीवर जाऊन उभी राहिली.

मी तेव्हा तेरा-चौदाची. घरातली अक्कल माझ्याकडे आहे असा माझा समज होता; गणितात बाबांच्याच शाळेत नापास होत होते ते वेगळं. मी ठरवलं, आपण साक्ष द्यायची. मोहाखाली मामाला घोरताना आपण ऐकलं म्हणून सांगायचं. गोठ्यात बकऱ्यांपुढे उभी राहून मी ती साक्ष पाठ केली. मामा ताटावरून म्हणाला, "राहू दे शांते. तू खोटं बोलतेस तवा तुझे कान लाल होतेत. गाव माह्या आंगावर आहेच, तुह्या कानांवर नको आणू." तो हसला, पण घास तसाच हातात होता. मामा घाबरू शकतो ही कल्पनाच मला नवी होती.

त्या शनिवारीच सरकारी प्रचाराची मोटार आली. त्या काळात जपानी पद्धतीनं भात लावा, ओळीत रोवा, असा मोठा धोशा होता. त्याचा सिनेमा दाखवत ती मोटार तालुक्यातून फिरत होती. संध्याकाळी तिला पुढच्या गावी जायचं होतं म्हणून खेळ भर दुपारी, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, कोठारात. मालगुजारी गेल्यापासून ते रिकामंच होतं. खिडक्यांवर ताडपत्र्या मारल्या, पाटलांचं नवं धोतर भिंतीवर ताणून बांधलं, मोठ्या दाराला आतून अडसर घातला. आत सगळं गाव. जुन्या कोंड्याचा वास, वर वटवाघळं, आणि अशी उमस की बायका पदरानं वारा घेत होत्या तोही गरमच लागत होता. मोटारवाल्या पोरगेल्या साहेबांनी आधीच निरोप धाडून विचारलं होतं, "सिनेमा इंग्रजीत आहे, समजावून सांगणारं कोणी आहे का?" सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांना गावानं चोरीचा साक्षीदार केलं होतं, आता दुभाषा केलं. आदल्या दिवसापासून ते शब्दकोश घेऊन बसले होते. रोपाला काय म्हणतात, खताला काय, चिखलणीला काय, सगळे शब्द पाठ. त्यांच्या हातात भोंगा दिला तेव्हा त्यांनी तो आधी रुमालानं पुसला. माय पुढून दुसऱ्या रांगेत, तोंड फिरवून. मामा सगळ्यांच्या मागं, दाराशी, डोक्याला दुपट्टा न बांधता.

धोतरावर उजेड पडला. एक मोठी इमारत, दगडी खांब. मग एक खोली, लांब टेबल, आणि कोट घातलेले बारा जण आत येऊन बसले.

बाबा भोंग्यातून म्हणाले, "हे जपानी शेतकरी आहेत."

"कोट घालून रोवणा करतेत का जी?" मागून कोणीतरी विचारलं.

"हे... हे शेतकी अधिकारी असावेत. धानाविषयी विचार करायला बसले आहेत."

एकानं काहीतरी विचारलं, आणि अकरा हात वर गेले. एक माणूस मात्र हात टेबलावर ठेवून बसून राहिला. बाबांचा आवाज जरा सावरला. "जपानी पद्धत कोणाकोणाला पसंत आहे, असं विचारलं. अकरांना पसंत. एकाला नाही."

"तो एकटाच शहाणा दिसते!" तुकारामभाऊ मोठ्यानं म्हणाले. "बियाणं वाया गेलं असन त्याचं."

गाव खदखदून हसलं. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसणं. मी मात्र हसले नाही, कारण मी बाबांना ओळखत होते. त्यांची मान एका बाजूला झुकली होती, फळ्यावर गणित चुकल्याचं त्यांच्या लक्षात आलं की झुकायची तशी. पडद्यावरची माणसं भांडत होती, घाम पुसत होती, आणि भोंगा गप्प. लोक चुळबुळायला लागले. मला वाटलं, संपलं. आता बाबांचंही हसं होणार. उद्या मामाचं व्हायचं, आज बाबांचं. मग बाबांनी भोंगा तोंडाशी नेला. "गावकरी हो, माझी चूक झाली. हे जपानी नाहीत आणि हे धान नाही. हा खुनाचा खटला आहे. एका गरीब पोरावर खुनाचा आळ आहे, आणि हे बारा जण त्याचे पंच आहेत. मी आधी सांगितलं ते सगळं खोटं धरा."

मोटारवाल्या साहेबांनी उजेडात डबा उलटासुलटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. कोणत्याशा शहरी क्लबात जायचा रिळाचा डबा त्यांच्या पेटीत आला होता आणि जपानी धान तिकडे गेलं होतं. तिथल्या साहेबलोकांनी चिखलणी बघितली असेल. ते म्हणाले, "बंद करतो." पाटील म्हणाले, "राहू द्या. बसलोच आहो तं पाहू. गुरुजी, सांगा."

बाबांनी सांगितलं की दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि बाराही जणांचं एक झाल्याशिवाय ते उघडणार नाही. सगळे पोरगा दोषी म्हणाले तर फाशी. भागरथाबाई नावाची एक म्हातारी आमच्या शेजारी राहायची. ती म्हणाली, "अन् जेवाचं कसं करतेत?" बाबा म्हणाले, "बाई, ते पुढे दाखवतील." दाखवलं नाही. पण तेवढ्यानं गाव त्या खोलीत शिरलं. इतका वेळ आम्ही सिनेमा बघत होतो. आता आम्हीही अडसर लावलेल्या दारामागे बसलो होतो, तसेच घामेजलेले. हात वर न केलेल्या त्या एका माणसाला पोरगा निर्दोष आहे असं वाटत होतं असंही नाही. बाबा म्हणाले, "तो म्हणतो, मला माहीत नाही. म्हणून म्हणतो, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगा. सावकाश." तुकारामभाऊ ओरडले, "एकदा सांगितलं नं! किती वेळ सांगाचं?" आणि गंमत म्हणजे पडद्यावरचा एक जाडा गृहस्थही त्याच वेळी टेबलावर मूठ आपटून तेच म्हणत असावा, कारण बाबा म्हणाले, "हेही तुकारामभाऊंचंच म्हणतात."

आता इतक्या वर्षांनी जावयानं घरच्या टीव्हीवर तो सिनेमा मला लावून दिला. मी डोळ्यांच्या मोतीबिंदूसकट पुढे सरकून बसले. त्यात गाणं नाही, बाई नाही, घोडा नाही, एका खोलीबाहेर जवळजवळ जाणंच नाही. खून दिसत नाही. दिसतात ती फक्त ऐकणारी माणसं. नात म्हणाली, "आजी, यात काहीच होत नाही." मी तिला म्हटलं, "त्या म्हाताऱ्या पंचाच्या तोंडाकडे बघ." त्याचं मत अजून बदललेलं नसतं, पण त्याचा जबडा थांबलेला असतो, सिगारेट तशीच जळत असते. हात कितीतरी उशिरानं वर जातो. माणूस आतून हलतो कधी आणि कबूल करतो कधी, यांच्यामधला तो उशीर, तो सिनेमा दुसरं काही दाखवतच नाही. मला तर वाटतं, मी पुढे आयुष्यात कोणाशीही भांडले तर समोरच्याच्या जबड्याकडे बघत भांडले. माझे यजमान त्यामुळे फार त्रासले.

कोठारात मात्र मी पडदा कमी आणि बाबांना जास्त बघत होते. एकेक पंच फुटत चालला होता. लोक प्रत्येकाला नाव ठेवत होते, हा कोतवालासारखा, हा सोनारासारखा. मग साक्षीदाराची पाळी आली. शेजारची एक म्हातारी, तिनं कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की पोराला मी जिन्यातून उतरताना पाहिलं. चांगल्या घरची, देवभोळी बाई. तिला त्या पोराशी वैर असण्याचं काही कारण नव्हतं.

तुकारामभाऊ म्हणाले, "झालं मंग! ती काऊन खोटं बोलीन?"

तो एक माणूस पडद्यावर हळू आवाजात बोलत होता. बाबा भोंग्यातून म्हणाले, "तो म्हणतो, ती खोटं बोलत नाही. तो म्हणतो, ती बाई फार खरी आहे. म्हणूनच तर... म्हणूनच तिला वाटतं की आपण पाहिलं. तिनं जिन्यात अंधारात एक कोट पाहिला." भोंगा आता छातीपर्यंत खाली आला होता, तरी कोठारात इतकी शांतता होती की मागपर्यंत ऐकू जात होतं. "कोट पाहिला. आणि उरलेला माणूस तिनं घरी जाऊन पाहिला. मनात."

आणि बाबा थांबले ते थांबलेच. पडद्यावर माणसं बोलत राहिली.

"सांगा नं गुरुजी! काऊन थांबले?"

"काय म्हणून राह्यला तो?"

बाबांनी भोंगा खाली जमिनीवर ठेवला. मायनं त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

टीव्हीवर बघताना मी त्या जागेची वाट बघत होते. जावयाला तीनदा मागे घ्यायला लावलं. म्हातारीच्या साक्षीचं बोलणं निघतं, जिन्याचंही निघतं. पण त्या जागी तो माणूस असलं काहीही बोलत नाही. तो विचारतो की जिन्यात दिवा होता का, आणि दुसरा कोणी म्हणतो, खिडकी उघडा. बस. बाबांचं इंग्रजी तेवढं कच्चं नव्हतं. ते वाक्य त्यांचं होतं, आणि मला खात्री आहे की तोंडातून निघेपर्यंत ते आपलं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

उरलेला सिनेमा भोंग्याविना झाला. लोकांनी आपल्या मनानं समजून घेतला आणि बराचसा बरोबरच समजला. शेवटचा जाडा गृहस्थही हरला, रडला. दार उघडलं, बारा जण आपापले कोट घेऊन पायऱ्या उतरून गेले. धोतर पांढरं झालं. कोणी उठेना. आमच्याकडे नाटक पहाटेपर्यंत चालतं. दीड-दोन तासांत जे संपतं ते संपलेलं नसतं, ती मधली सुटी असते. लोक विड्या पेटवून बसून राहिले. शेवटी पाटलांनी विचारलं, "साहेब, बाकीचं?"

"संपला."

"संपला कसा? खुनी कुठी आहे?"

"खुनी दाखवलेलाच नाही त्यात."

गलका झाला. कोणी म्हणे दुसरा डबा लावा, कोणी म्हणे सरकारनं अर्धाच सिनेमा पाठवला. तुकारामभाऊ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि आता ते सिनेमाबद्दल बोलत नाहीत हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "खुनी सापडला नाई तं पोरगा सोडला कसा? मेलेल्याचं काय? त्याच्यासाठी कोणी बसलं का दार लावून?"

पाटील सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाले, "गाव बसलंच आहे. उद्याचं आजच करू. दसरथ, पुढं ये. गुरुजी, तुम्ही पाह्यलं ते सांगा." अडसर काढायला गेलेला माणूस परत येऊन बसला. मी मायचा पदर धरला. तो घामानं ओला होता, तिच्याही आणि माझ्याही.

बाबा उभे राहिले. "दिवेलागणीला मी ओसरीवर होतो. तुडुमापाशी दसरथ वाकलेला मी..." वाक्य अर्ध्यात सोडून ते म्हणाले, "पुन्हा सांगतो. तुडुमापाशी एक माणूस वाकलेला पाहिला."

भागरथाबाईंनी विचारलं, "तोंड पाह्यलं का जी, गुरुजी?"

"नाही. पाठ होती."

"मंग वळखलं कशानं?"

"डोक्याला पिवळं होतं. पिवळं म्हणजे दसरथचा दुपट्टा. दुपट्टा दिसला म्हणून मी दसरथ पाहिला. सकाळी तळं रिकामं झालेलं पाहिलं, मग तर मला त्याचं नाकसुद्धा आठवायला लागलं. मी खोटं बोललो नाही. पण जेवढं पाहिलं त्याहून जास्त सांगितलं. मी एक पिवळा रंग पाहिला. माणूस कोण ते मी सांगू शकत नाही."

"वा गुरुजी!" तुकारामभाऊ म्हणाले. "त्या दिवशी मेहुणा होता तवा तोंडावर सांगितलं, सारं गाव म्हणे, काय खरा माणूस. आता बायको कण्या खाऊ घालून राह्यली तं रंगच दिसला?"

कोणीतरी हसलं. कण्यांची बातमी गावभर होती तर! बाबांनी मान खाली घातली. गावात ज्या एका गोष्टीवर ते ताठ उभे असत ती त्यांच्या पायाखालून जाताना मी पाहिली. त्यांनी एवढंच म्हटलं, "तुम्हाला तसं वाटेल हे मला माहीत होतं, तुकारामभाऊ."

"मंग माहं धान कोणी मारलं, ते सांगा!"

"माहीत नाही."

पाटील म्हणाले, "मंग दसरथले सोडाचं का, ते ठरवा." आमच्या गावात हात वर करायची रीत नव्हती. पंचांपुढे ज्याला पटलं तो उठून दाराशी जाऊन उभा राही. पटलं नाही तो बसून राही. सगळे उठेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही. पहिल्यांदा भागरथाबाई उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत. मग पाटील. मग बराच वेळ कोणीच नाही. मी जबडे बघत होते. एक उठला, त्याला बघून दोन उठले, एक उठून पुन्हा बसला आणि बायकोनं ओढल्यावर पुन्हा उठला. बायकांची रांग अख्खीच्या अख्खी उठली. शेवटी कोठाराच्या मधोमध तुकारामभाऊ एकटे उरले. दाराशी सगळं गाव दाटीवाटीनं उभं आणि समोर तो एकटा माणूस, मांडी घालून. सिनेमात एक जण अकरांविरुद्ध बसला होता तो किती शूर वाटला होता. हा एक जण सगळ्या गावाविरुद्ध बसला होता तर त्याचा मला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याच्या बांधीतलं धान मी रोज शाळेत जाताना बघत होते, टोकापासून पिवळं पडत चाललेलं. त्यालाही त्या दुपारी कोणीतरी पाहिजे होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल.

मामा त्या गर्दीतून निघाला आणि त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. "भाऊ, मी नाई केलं."

"तू असं म्हणशीनच."

"होय. म्हणीनच." मामा तिथून हलला नाही.

बाहेर मोटारीच्या यंत्राची धडधड थांबली होती. कोणाचं तरी लेकरू रडायला लागलं आणि त्याच्या मायनं त्याला पदराखाली घेतलं. तुकारामभाऊंनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, एकदा, दोनदा, मग फडकं तोंडावर तसंच धरून बसले. त्याच्याआडूनच म्हणाले, "मी उठत नाई. मले पटलं नाई. पण तुम्ही दार उघडा. घरी जा."

पाटलांनी इकडे तिकडे पाहिलं. असं कधी झालं नव्हतं. रीत मोडली म्हणायची की राहिली, कोणालाच कळेना. मग त्यांनी अडसर काढला. उजेड असा आत घुसला की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं. तुकारामभाऊ अजून बसूनच होते. त्यांनी पुढे जन्मभर मामावर विश्वास ठेवला नाही. मामाच्या लग्नाला मात्र आले, जेवले, आणि जेवताना म्हणाले, "मासोळी चांगली आहे. कोणत्या तळ्याची?"

बाबांच्या शब्दाला गावात पूर्वीचं वजन काही परत आलं नाही. लोक नमस्कार करत, पण काही सांगितलं की म्हणत, "पाह्यलं का गुरुजी, का नुसता रंग?" बाबा हसत नसत आणि रागावतही नसत. थोडा विचार करून उत्तर देत. बूच कोणी काढलं ते कधी कळलं नाही. शेजारच्या गावाचं नाव घेतलं गेलं, खेकड्यांचं घेतलं गेलं, देवाचं तर घेतलं गेलंच.

त्या संध्याकाळी मायनं धान कांडलं नाही, घरात होता तोच तांदूळ शिजवला. तीन ताटं एका ओळीत मांडली आणि गोठ्याकडे तोंड करून हाक मारली. मामा येऊन बसला, बाबांच्या शेजारी. मी आपली दुभाषाची जागा धरून बसले होते, पण माय थेट बाबांना म्हणाली, "वरण घेता का?" बाबा म्हणाले, "घाल." माझी नोकरी गेली. मामानं भात कालवला, घास केला आणि तो तसाच धरून विचारलं, "भाऊजी, एक सांगा. तुम्हाले खरंच वाटते का, तो मी नव्हतो म्हणून?"

मायचा वाढता हात थांबला. मला वाटलं, बाबा आता एकदा, फक्त एकदा, होय म्हणतील. कोणाचं काय जाणार होतं?

बाबा म्हणाले, "मला माहीत नाही, दसरथ."

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं घास तोंडात घातला, खाल्ला, आणि ताट मायकडे सरकवत म्हणाला, "बाई, भात वाढ. भूक लागली."